बिबट्या उसात, भीती घरात

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन येते, तेव्हा ती भीतीची तक्रार सांगत नाही. तक्रार असते अंथरूण ओले करण्याची. चौथ्या वर्षापासून कोरडे राहणारे मूल काही महिन्यांपासून पुन्हा रात्री अंथरुणात लघवी करू लागलेले असते. लघवी तपासली जाते, संसर्ग नसतो. रक्तातली साखर तपासली जाते. तीही ठीक असते. (ही तपासणी मात्र कधीही टाळू नये. कोरडे झालेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागणे ही लहानपणीच्या मधुमेहाची पहिली खूण असू शकते.) जंताची गोळी दिली जाते, रात्री पाणी कमी द्या असे सांगितले जाते. मग कधीतरी, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला, एक साधा प्रश्न विचारला जातो : संडास कुठे आहे?

संडास घराबाहेर असतो. गोठ्याच्या पलीकडे, आणि त्याच्या मागे ऊस. दिवेलागणीनंतर मूल तिकडे फिरकत नाही. लघवी दाबून धरते, शौचही दाबून धरते. हळूहळू बद्धकोष्ठता जडते, भरलेले आतडे मूत्राशयावर दाबते आणि झोपेत ताबा सुटतो. वडील म्हणतात, ‘‘एवढा मोठा झाला तरी असलं करतो.’’ मूल खाली बघत राहते. भीती वाटते का विचारले तर नाही म्हणते, कारण वर्गातल्या मुलांत भित्रा ठरणे त्याला परवडणारे नसते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वस्त्यांवरून आलेल्या मुलाच्या बाबतीत संडासाचा प्रश्न पहिल्याच फेरीला विचारायला हवा.

कारण इथला ऊस साधा नाही. घोड, कुकडी, भीमा, मुळा-मुठा या नद्यांचे आणि कालव्यांचे पाणी आले, जिरायत रान बागायत झाले, आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या दाट पिकात बिबट्याने घर केले. सावली आहे, पाणी आहे. कुत्री, शेळ्या, वासरे जवळच आहेत. पिल्ले उसातच जन्मतात आणि उसातच वाढतात. आधी जुन्नर-आंबेगावची म्हणून ओळखली जाणारी ही डोकेदुखी शिरूरच्या बेट भागात आणि दौंडच्या भीमाकाठच्या गावांत कधीच पोहोचली आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात जेमतेम तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला. त्यातली दोन मुले होती. संतापलेल्या लोकांनी महामार्ग रोखला, वनखात्याची गाडी पेटवली, आणि अखेर बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत काही गावकरी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागले. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी त्याची छायाचित्रे देशभर दाखवली. पण ज्या मुलाने आपल्या आईला किंवा आजीला कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा पट्टा घालताना पाहिले, त्याच्या मनात काय उमटले असेल, हे कोणी विचारले नाही.

मुलांच्या भयगंडाबद्दल लिहिणारी पुस्तके इथे थोडी अडखळतात. भयगंड, म्हणजे फोबिया, याची व्याख्याच अशी आहे की, भीती प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने फार जास्त असली पाहिजे, ती साधारण सहा महिने किंवा अधिक टिकली पाहिजे, आणि तिच्यामुळे मुलाचे शाळेत जाणे, झोपणे, खेळणे अडले पाहिजे. शहरातल्या चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाने पालीला पाहून घर डोक्यावर घेतले तर निदान सोपे आहे. पण उसाला लागून असलेल्या वस्तीवरच्या मुलाला अंधारात बाहेर जायची भीती वाटत असेल, तर ती धोक्याच्या मानाने जास्त कशी म्हणायची? ती भीती शहाणपणाची आहे. ‘काही होत नाही, घाबरू नकोस’ हे मुंबईत सांगता येते. पिंपरखेडमध्ये सांगितले तर ते खोटे आहे, आणि मुलाला ते खोटे असल्याचे माहीत असते. एकदा या बाबतीत खोटे बोललेल्या माणसाचे मूल पुढे दुसऱ्या बाबतीतही ऐकत नाही.

म्हणून शिरूर-दौंडमध्ये भीती आणि भयगंड यांतली रेघ वेगळ्या जागी ओढावी लागते. भीती परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त होते का, हे पाहायचे. दुपारी बारा वाजता, शाळेच्या आवारात, शंभर मुलांमध्ये ती मावळते का? मामाच्या गावी, जिथे ऊसच नाही, तिथे मूल निवांत झोपते का? झोपत असेल, तर ती सावधगिरी आहे. पण भीती पसरत चालली असेल, आधी ऊस, मग अंधार, मग बंद खोली, मग घरातले मांजर, मग वर्गात कोणी मागून हात लावला तरी किंचाळी, तर ती सावधगिरी राहिलेली नाही. तिचा बिबट्याशी संबंध संपलेला असतो.

लहान वयात भीती वाटणे हे मुळात वाढीचे लक्षण आहे. आठ-नऊ महिन्यांचे बाळ अनोळखी माणसाला पाहून रडते. तीन ते सहा वर्षांत अंधार, भूत, मोठे प्राणी, विजा येतात. सात-आठच्या पुढे चोर, अपघात, आई-वडिलांचा मृत्यू. दहा-अकराच्या पुढे परीक्षा आणि चारचौघांत हसे होणे. यातल्या बहुतेक भीती आल्या वाटेने जातात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनुसार साधारण ५ टक्के मुलांत आणि १३ ते १७ या वयोगटात सुमारे १६ टक्के जणांत एखाद्या विशिष्ट गोष्टीचा भयगंड असतो. म्हणजे प्रत्येक वर्गात किमान एक-दोन मुले. बाकीच्यांची भीती जाते आणि यांचीच का राहते, हा खरा प्रश्न.

पहिले उत्तर १९२० मध्ये अमेरिकेत मिळाल्यासारखे वाटले. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी जवळपास अकरा महिन्यांच्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवला. बाळ घाबरले नाही, उलट हात पुढे केला. मग दर वेळी उंदीर दिसला की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा, असा प्रकार सुरू झाला. थोड्याच वेळा झाला, आणि बाळ नुसत्या उंदराला पाहून रडू लागले. पुढे सशाला आणि केसाळ कोटालाही. ‘लिटल अल्बर्ट’ या नावाने तो प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. आज असा प्रयोग करू पाहणाऱ्याला कोणतीही नीतिसमिती दारात उभी करणार नाही. बाळ रुग्णालयातून गेले आणि त्याच्यात बसवलेली भीती काढण्याचे राहूनच गेले.

या प्रयोगाने एक समज घट्ट झाला की, भयगंडामागे एखादी घटना असतेच. पालकही तीच शोधत बसतात : कधी दचकला, कोणी घाबरवले, कुठून पडला. घटना असते कधीकधी. कुत्रा चावलेले मूल कुत्र्याला भिणारच. पण पुष्कळ मुलांच्या बाबतीत ती सापडतच नाही, आणि घटना घडलेली पुष्कळ मुले भीत नाहीत. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. नऊ वर्षांच्या आत पडून जखमी झालेल्या मुलांत पुढे उंचीची भीती जास्त असेल, असा अंदाज होता. तसे आढळले नाही. उलट अठराव्या वर्षी उंचीला भिणाऱ्यांत लहानपणी जोरात पडलेले कमीच निघाले. झाडावर चढणारी मुले पडतात, आणि तीच चढत राहतात. खेडेगावात वाढलेल्या कोणालाही हे पटेल.

थोडा वाटा रक्ताचा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून भित्रेपणाकडे कल असणे काही अंशी वारशाने येते, असे दिसते. रक्त आणि सुईची भीती तर घराण्यात फारच दिसते. तिचे शरीरशास्त्रही निराळे : बाकी भीतीत रक्तदाब वाढतो, इथे तो आधी वाढून मग एकदम खाली येतो आणि मूल चक्कर येऊन पडते. शाळेत धनुर्वाताचे इंजेक्शन देताना एक मूल कोसळले की, रांगेतली बाकीची घामाघूम होतात ते वेगळेच. अशा मुलाला ‘नाटक करतो’ म्हणणे चूक आहे. त्याला आडवे झोपवून सुई द्यावी, आणि हातापायांचे स्नायू ताणून धरायला शिकवावे. त्याने रक्तदाब टिकतो.

घटना नाही आणि रक्त पुरेसे नाही, तर उरते काय? १९७७ मध्ये स्टॅन्ली रॅकमन या मानसशास्त्रज्ञाने भीती शिरण्याच्या तीन वाटा मांडल्या : स्वतःला बसलेला धक्का, दुसऱ्याला घाबरताना पाहणे, आणि नुसते ऐकणे. पुढच्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाने दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेला जे वजन दिले आहे, ते आपल्या घरांत अजून पोहोचलेले नाही.

दुसरी वाट सुझन मिनेका यांनी माकडांवर दाखवली. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडे सापाला भीत नव्हती. जंगलात वाढलेले माकड सापाला पाहून घाबरताना त्यांनी पाहिले, आणि ती काही मिनिटांत भ्यायला शिकली. गंमत पुढे आहे. चित्रफितीत फेरफार करून फुलांना घाबरणारे माकड दाखवले, तर ती फुलांना भ्यायला शिकली नाहीत. म्हणजे मेंदू कोऱ्या पाटीसारखा नसतो. साप, श्वापद, उंची, अंधार यांची भीती शिकायला तो आधीच तयार असतो. म्हणूनच कितीतरी मुले विजेच्या बोर्डाला भीत नाहीत आणि मोटारसायकलला तर मुळीच नाही, जरी जीव जाण्याचा धोका तिथे मोठा असला तरी. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रात्री धावणारी वाहने मुलांच्या स्वप्नात येत नाहीत; बिबट्या येतो.

माणसाच्या पिलांबाबत ऑस्ट्रेलियात झालेला प्रयोग साधा आहे. दीड वर्षाच्या आसपासच्या बाळांना रबरी साप आणि रबरी कोळी दाखवला, आणि आईला कधी हसरा, कधी घाबरलेला चेहरा करायला सांगितले. आईने घाबरलेला चेहरा केला ती वस्तू बाळांनी नंतरही टाळली. आईने शब्द उच्चारायची गरजच पडली नाही.

आता हे उसाच्या रानात आणून पाहा. शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी रात्री येते. बाप बॅटरी आणि काठी घेऊन मोटार चालू करायला निघतो. आई दारात उभी राहते, तो परत येईपर्यंत उभीच असते. कुत्रे भुंकले की दचकते. पोराला ती काही सांगत नाही, झोप म्हणते. पण पोर गोधडीतून तिचा चेहरा पाहत असते. दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे, आणि ती पिकासाठी आणि जिवासाठी केली जाते. मुलांच्या झोपेसाठीही ती तितकीच रास्त आहे, असे म्हणायला आरोग्य खात्यातल्या कोणाची हरकत नसावी.

तिसरी वाट ऐकण्याची, आणि तिच्यावर सर्वांत जास्त दोष मोठ्यांचा आहे. ब्रिटनमध्ये अँडी फील्ड आणि सहकाऱ्यांनी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना ऑस्ट्रेलियातल्या तीन अनोळखी प्राण्यांची चित्रे दाखवली. एकाबद्दल वाईट गोष्टी सांगितल्या, एकाबद्दल चांगल्या, तिसऱ्याबद्दल काहीच नाही. मग तीन पेट्या ठेवल्या आणि आत तो-तो प्राणी आहे असे सांगून हात घालायला लावला. ज्याची बदनामी ऐकली होती त्या पेटीत हात घालायला मुले कचरली. पुढच्या एका प्रयोगात अशा ऐकीव भीतीचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला. मुलांनी तो प्राणी कधीच पाहिला नव्हता. ऐकीव भीतीला एवढे आयुष्य असते.

आपल्याकडे ही वाट रोज वापरली जाते. जेवत नाही? बागुलबुवा येईल. झोपत नाही? बिबट्या येईल. रडतोस? डॉक्टरकाका सुई मारतील. एकेकाळी बागुलबुवा दिसत नसे, म्हणून वय वाढले की तो आपोआप विरून जाई. शिरूरच्या पोराला ‘बिबट्या येईल’ म्हणणे ही तशी धमकी नाही. तो खरोखर येतो हे त्याने ऐकलेले आहे. ज्या गावात बिबट्याने मूल नेले, त्या गावात जेवू घालण्यासाठी हे वाक्य वापरणे क्रूर आहे. म्हणणाऱ्याच्या मनात क्रौर्य नसते, सवय असते. पण परिणाम तोच.

त्यात मोबाईलची भर. हल्ल्यानंतरचे फोटो, सीसीटीव्हीत पकडलेला बिबट्या, आणि आता एआयने बनवलेले, गावाचे नाव टाकून फिरवलेले खोटे व्हिडिओ. मोठा माणूस तो व्हिडिओ एकदा पाहतो आणि पुढे ढकलतो. मूल तोच दहा वेळा पाहते. लहान मुलाच्या डोक्यात दहा वेळा पाहिलेला एक बिबट्या आणि दहा बिबटे यांत फरक राहीलच असे नाही.

ऐकीव भीती किती जिवावर बेतू शकते, याचे उदाहरण बिबट्याचे नाही, कुत्र्याचे आहे. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, हे आजही गावोगाव मुलांना सांगितले जाते. ती जुनी लस भारतात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आजची लस दंडात देतात, चार किंवा पाच फेऱ्यांत. जखम खोल असेल तर जखमेत वेगळे इंजेक्शन द्यावे लागते आणि ते दुखते, हेही सांगितले पाहिजे. पण पोटातली चौदा गेली त्याला वीस वर्षे झाली. ज्या आजोबांनी ती घेतली त्यांनी सांगितले, बापाने ऐकले, आणि नातवाने कुत्रा चावल्याचे घरात लपवले. रेबीजची लक्षणे सुरू झाली की बहुतेक कोणीच वाचत नाही. अस्तित्वात नसलेल्या सुईच्या भीतीने मूल खऱ्या मृत्यूच्या तोंडी जाऊ शकते. म्हणून ‘डॉक्टर सुई मारतील’ हे वाक्य ओपीडीच्या बाकावर बसून मुलाला सांगणाऱ्या पालकाला तिथेच थांबवायला हवे.

भीती कुठूनही येवो, तिला टिकवते ते टाळणे. अंधारात न गेल्याने त्या रात्रीपुरते बरे वाटते, आणि मेंदू शिकतो की न गेल्यामुळेच वाचलो. दुसऱ्या दिवशी तो आणखी लवकर घरात येतो. घरचेही मदत करतात : आई सोबत झोपते, ताई दप्तर नेऊन देते, बाप शाळेला सुट्टी देतो. प्रेमापोटी केलेली ही प्रत्येक सवलत भीतीच्या खात्यात जमा होते. अंगारा लावणे, दृष्ट काढणे यानेही मुलाला धीर येतो आणि तेवढ्यावर भांडायचे कारण नाही. पण दर अमावस्येला नवा गंडा बांधत वर्ष काढले, तर तेवढे वर्ष टाळण्याला मिळाले.

उपचार शंभर वर्षे जुना आहे आणि स्वस्त आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाची भीती घालवली. तो आवडीचे खाणे खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. दर वेळी थोडा जवळ. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. आजच्या उपचाराचे मूळ हेच : भीतीच्या दिशेने छोट्या पायऱ्या, सोबत विश्वासाचे माणूस, आणि भीती उतरेपर्यंत तिथेच थांबणे. स्वीडनमधल्या लार्स-यॉरन ओस्ट यांनी तर हे काम तीन तासांच्या एकाच बैठकीत करण्याची पद्धत बसवली, आणि ती मुलांमध्येही उपयोगी ठरली. अशा भयगंडासाठी औषध हा पहिला उपाय नाही. एकदम ढकलून देणे, कोंडून ठेवणे हा तर उपायच नाही.

बिबट्याच्या मुलखात मात्र या शिडीची शेवटची पायरी नीट ठरवावी लागते. कुत्र्याला भिणाऱ्या मुलाने शेवटी शांत कुत्र्याला हात लावायचा असतो. उसाला भिणाऱ्या मुलाने शेवटी एकट्याने रात्री उसात जायचे नसते! त्याने शेजारचे न भिणारे, पण शहाणे मूल जे करते, तिथपर्यंत यायचे. आधी दिवसा मांजराशी खेळणे. मग संध्याकाळी दिव्याखाली ओट्यावर बसणे. मग आईसोबत, बॅटरी हातात घेऊन, बोलत-गात गोठ्यापर्यंत. बॅटरी मुलाच्याच हातात द्यावी. वनखाते सांगते तेच नियम मुलाला काम म्हणून शिकवावे : एकट्याने जायचे नाही, आवाज करत चालायचे, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहायचे नाही. ज्याच्याकडे करायला काही आहे, तो नुसता वाट पाहत बसत नाही.

पण त्याच्याही आधी बाहेरचे बघायला हवे. संडासापर्यंत दिवा नसेल, दाराला कडी नसेल, गोठ्याला आडोसा नसेल, तर मुलाच्या मनावर उपचार करण्यात अर्थ नाही. एक बल्ब, उसाची दहा-पंधरा फूट मागे सरकवलेली सरी आणि रात्रीपुरते घरात ठेवलेले भांडे यांनी कित्येक अंथरुणे कोरडी होतील. ग्रामपंचायतीने हा खर्च आरोग्याचा म्हणून धरावा. आज तो वनखात्याचा की महावितरणचा, या वादात पडून राहतो.

सरकारी यंत्रणेत माणसे नाहीत असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत जातात. दात, डोळे, हृदय, वाढ तपासतात. जन्मजात व्यंगे, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब असे त्यांच्या कामाचे चार गट आहेत, आणि भीती यांतल्या कशातच सहज बसत नाही. बेट भागातल्या आणि भीमाकाठच्या शाळांपुरते तरी पथकाने दोन प्रश्न जास्त विचारावेत : रात्री झोप लागते का, आणि भीतीमुळे कुठे जायचे टाळतोस का? उत्तर गंभीर वाटले तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, ससूनचा मनोविकार विभाग आहे. तेवढे जाणे जमत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. हल्ला झालेल्या गावात पिंजरा येतो, ड्रोन येतो, पंचनामा होतो, भरपाईचा धनादेश येतो. त्याच आठवड्यात शाळेत एक समुपदेशक पाठवायला फार मोठा निर्णय लागू नये. ज्यांच्या बाकावरचे मूल गेले, त्या वर्गाला त्याची सर्वांत जास्त गरज असते.

आणि कारखान्यांची धुराडी पेटली की या दोन्ही तालुक्यांत बीड-पाथर्डीकडून टोळ्या उतरतात. फडाच्या कडेला पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या पडतात. कोपीला दार नसते. आई-बाप पहाटे अंधारात तोडीला जातात आणि पाच वर्षांचे पोर दीड वर्षाच्या बहिणीला घेऊन मागे राहते. ऊस तुटत जातो तसा बिबट्या उरलेल्या उसात सरकतो, म्हणजे कोपीच्या जवळ. त्या पोराची भीती कोणत्याही व्याख्येत भयगंड ठरणार नाही. त्याला भीतीसाठी कोणी दवाखान्यात आणणारही नाही. ते येईल खोकल्यासाठी, तापासाठी, पायात घुसलेल्या उसाच्या कुडीसाठी. तेव्हा मलमपट्टी करता करता, रात्री कुठे झोपता आणि तिथे दिवा आहे का, एवढे विचारून केसपेपरवर लिहायला एक मिनिट लागते. तो केसपेपर घेऊन कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडे जाता येते, कारण टोळी त्याच्याच नोंदवहीत असते.